गोल न होण्यावर लावलेले हात

कापूस फुटला की माझ्या बोटांची टोकं हुळहुळायला लागतात. आता मी यवतमाळात दुसऱ्या मजल्यावर राहते, शेत ठेक्याने दिलेलं आहे आणि घरात कापूस लागतो तो वातीपुरता. तरी दिवाळी सरते, सकाळच्या हवेत कोरडा गारवा येतो, घाटंजीच्या रस्त्याने कापसाने फुगलेल्या गाड्या जायला लागतात, त्यांतून निसटलेले पांढरे पुंजके बाभळींना लटकलेले दिसतात, आणि माझा हात आपोआप कमरेकडे जातो. तिथे ओटी नसते. वेचलेला कापूस टाकायला पोटाशी बांधतात ते फडकं म्हणजे ओटी. जुन्या सुती लुगड्याची असली तर उत्तम, पोटाला टोचत नाही.

यंदा याच दिवसांत लेक आणि जावई आले. जावई पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, माणूस लाखमोलाचा, पण समजावून सांगायची खोड भारी. दुपारी भाकरी आणि भरलं वांगं खाऊन सुस्तावल्यावर त्याने फोन काढला आणि परदेशातल्या फुटबॉलवर लोक कशाकशावर पैसे लावतात ते सांगायला बसला. नुसतं कोण जिंकणार यावर नाही म्हणे. अमुक संघ एकही गोल खाणार नाही, यावर लावतात. दोघांचे मिळून तीन गोलसुद्धा होणार नाहीत, यावर लावतात. दोन्हीकडून गोल होतील की एक बाजू उपाशी राहील, यावरही लावतात. "आई, हे बचावाचं गणित जरा टेक्निकल आहे," असं मधूनमधून म्हणत होता. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोऱ्याला भाव काय देतात?"

त्याला कळेना. मी म्हटलं, एकही गोल खाल्ला नाही म्हणजे कोरं. आमच्याकडे त्याला कोरं लावणं म्हणत. लेक स्वयंपाकघरातून ओरडली की आईने लावलेलं आहे, तिला विचार. जावयाने फोन पालथा ठेवला. सासू जुगारी निघाली म्हणजे पुण्याला सांगायला बरी गोष्ट झाली.

पण ती गोष्ट सांगायची तर आधी ते दिवस सांगायला हवेत, आणि त्या दिवसांबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळचं नाव घेतलं की बाहेरचा माणूस "अरे रे" म्हणायचा. लग्नकार्यात, दवाखान्यात, रेल्वेत, कुठेही. कॅमेरे घेऊन माणसं यायची, कोणाच्या घरचं काय गेलं ते विचारायची आणि संध्याकाळच्या आत परत जायची. जे गेलं ते खरंच गेलं, त्याचं दुःख कमी लेखण्याची माझी छाती नाही. पण जे गेलं नाही, जे लोकांनी दातओठ खाऊन राखलं, ते विचारायला कोणी आलं नाही. त्याच वर्षांत आमच्या गावात फुटबॉलची स्पर्धा व्हायची, हे सांगितलं तर लोकांना अजून खोटं वाटतं.

आमचं गाव घाटंजीपासून एसटीने थोडंच आत. गावाबाहेर पडीत जमिनीचा एक सपाट तुकडा होता, काळ्या मातीचा, हिवाळ्यात दगडासारखा टणक. दोन्ही टोकांना बांबूचे गोल. एका गोलाच्या मागे नाला आणि दुसऱ्या गोलाच्या मागे थेट आमचं शेत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काट्यांचं कुंपण होतं, पण फुटबॉलला कुंपणाची काय पर्वा. बॉल उडून यायचा आणि आमच्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, झाडं मोडायचा, तीही नेमकी बोंडांनी लवलेली. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून दर हिवाळ्यात त्या पोरांना शिव्या घालणं हे माझं एक कामच होऊन बसलं होतं. बी.ए. झालेली सून असल्यामुळे माझ्या शिव्या जरा शुद्ध होत्या, म्हणून पोरं मुद्दाम बॉल मारतात असं सासूबाई म्हणायच्या.

त्या स्पर्धेवर पैजा लागत. पण रोकड कोणाकडे होती? सगळ्यांचा कापूस एकदम फुटायचा, वेचायला बाया मिळायच्या नाहीत, दुष्काळ होता तो हातांचा. म्हणून पैज लागायची ती हातांची. हरणाऱ्याच्या घरचे हात जिंकणाऱ्याच्या शेतात वेचायला जाणार. पारावर चारचौघांत बोललं की झालं, लिहायचं-सवरायचं काही नाही. आता यातली मेख बघा. आमच्याकडे वेचणी हे बायकांचं काम. बाप्या माणूस वखर धरेल, फवारणी करेल, गाडी भरेल, पण ओटी बांधणार नाही. म्हणजे पैज पुरुषांची आणि हात बायकांचे. संध्याकाळी नवरा घरी येऊन सांगणार, उद्या तुले अमक्याच्या वावरात जायचं आहे. तिने नुसती मान हलवायची. माझ्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात अशी किती परकी शेतं वेचली असतील, ते त्यांनाच माहीत.

बहुतेक सगळे जिंकण्यावर लावत. त्याला हाताला हात, सरळ भाव. काही हौशी किती गोल होतील त्यावर लावत. कोऱ्याला भाव तिप्पट होता, तरी तिकडे कोणी फिरकत नसे. गोल न होण्यात मजा काय, असं सगळ्यांचं म्हणणं. आणि कोरं आहेच अवघड. शेवटच्या घटकेला कोणाच्या तरी पायाला लागून बॉल आत गेला की सगळं फुकट. एक चूक पुरते. जिंकण्यावर लावणाऱ्याला निदान एक गोल खाऊन दोन मारायची सोय असते.

मी पैजेच्या वाटेला जायचं काही कारण नव्हतं. पण त्या वर्षी यजमानांना कावीळ झाली आणि ते खाटेला खिळले. शेतात राहिलो आम्ही दोघी आणि माझे धाकटे दीर रमेशभाऊजी, जे घाटंजीला कॉलेजात जात आणि आमच्या संघाचे गोलकीपर होते. सीतादही झालं, म्हणजे पहिल्या वेचणीआधी शेताच्या कोपऱ्यावर दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि पुढच्या चार दिवसांत सगळं शेत असं पांढरं झालं की बघून आनंद व्हायच्या ऐवजी मी ओळी मोजायला लागले. वेचणार कोण? बाया आधीच इतरांनी बोलावून ठेवलेल्या. आणि आकाश रोज संध्याकाळी थोडं थोडं भरून यायला लागलं. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की तो काळवंडतो, बाजारात त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. वर्षभराचं सगळं त्या बोंडांत होतं, औषधपाणीसुद्धा.

त्याच दिवसांत धुऱ्यालगतच्या ओळी वेचताना माझ्या लक्षात आलं की यंदा गोलामागची एकही पऱ्हाटी मोडलेली नाही. मी थांबले. या मैदानावर फक्त आमच्या संघाचे सामने होत, त्यांतले निम्म्याहून जास्त होऊन गेले होते आणि मी एकदाही शिवी दिली नव्हती. झाडं शाबूत, काटे शाबूत. याचा अर्थ समजायला मला थोडा वेळ लागला. समोरचे लोक आमच्या गोलापर्यंत पोचतच नव्हते. चुकीचा फटका मारायलासुद्धा गोल दिसावा लागतो, तो त्यांना दिसतच नव्हता. बाजू बदलल्यावर आमचे पुढचे गडी त्याच गोलावर चालून यायचे खरे, पण ते इतके मेंगळट होते की त्यांच्याकडून पऱ्हाटीला कधीच भीती नव्हती.

मग मी वेचता वेचता सामने बघायला लागले. लोक गोलकीपरच्या उड्यांना टाळ्या वाजवतात. मला उलटं दिसायला लागलं. गोलकीपरला उडी मारावी लागली म्हणजे पुढे कुठेतरी कुंपण तुटलं. रमेशभाऊजी बहुतेक वेळ कमरेवर हात ठेवून उभे असत, आणि तेच खरं लक्षण होतं. त्यांच्यापुढे बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा किसन आणि त्याचा चुलतभाऊ खेळत. दोघं बचावाला. धावण्यात फार चपळ नव्हते, पण सगळा वेळ एकमेकांशी मोठ्याने त्यांच्या गोरबोलीत बोलत असत, आणि समोरच्या संघाला त्यातलं अक्षर कळत नसे. एक पुढे गेला की दुसरा मागे. बॉल मधे ठेवायचाच नाही, कडेला ढकलायचा, नाल्याकडे. जावई म्हणतो ते खरं आहे, बचावावर लावायचं तर समोरचा मारा किती, मैदान कसं, दमलेले कोण, हे सगळं बघावं लागतं. पण मी पहिल्यांदा बघितली ती माझी पऱ्हाटी.

आमचा संघ जिंकेल असं मला एकदाही वाटलं नाही. हरणार नाही, एवढंच वाटलं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि त्या वर्षांत जगलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. कोणी पुढे जात नव्हतं. आहे ते राखून धरलं तरी खूप होतं, आणि ते राखून धरणं सोपं नव्हतं. आम्ही त्यावर लावूनच बसलो होतो, फुटबॉल असो नसो.

अंतिम सामना नदीपलीकडच्या गावाशी ठरला. त्यांचे पुढारी दौलतराव. घर मोठं, भाऊ, मुलं, पुतणे मिळून बाप्या माणसांचा गोतावळा, आणि संघातला मुख्य गोल मारणारा गडी त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. ते आमच्या पारावर पैजा घ्यायला आले तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन तिथे गेले. बाई पारावर आलेली बघून लोक सरकून बसले. मी म्हटलं, मला कोरं लावायचं आहे. दौलतरावांना हसू आवरेना. पण मी अट घातली. मी माझे हात लावते, म्हणजे माझेच. हरले तर तुमची पहिली वेचणी संपेपर्यंत तुमच्या शेतात. तुम्ही हरलात तर तुमच्या घरचे हात यायचे, पण बायकांचे नाही. तुमचे स्वतःचे, भावांचे, मुलांचे.

पारावर खाकरण्याचे आवाज झाले. दौलतरावांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. नाही म्हणावं तर बाईच्या पैजेला भ्याले असं झालं असतं, आणि पुतण्यावर भरवसा नाही असंही. ते म्हणाले, "लागली पैज. पर तुमचे एकलीचे हात कमी पडतात, बाई. घरचे पुरे लावा."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं होतं, आता आभाळ कोसळणार. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. बराच वेळ जाळ सारखा करत राहिल्या. मी म्हटलं, तुमची मर्जी नसेल तर मी उद्या जाऊन नाही सांगते.

"माहे हात आजलोक लय जणायनं लावले," त्या म्हणाल्या. "इचारलं कोनंच नाही. तू इचारून राह्यली. लाव."

सामन्याच्या दिवशी उजाडलं तेच ढगाळ. वारा पडलेला, आभाळ खाली आलेलं. आम्ही दोघी दिवस उगवायच्या आधीच शेतात. थोड्या वेळाने बघते तर पलीकडच्या ओळीत रमेशभाऊजी, कमरेला माझंच जुनं पातळ बांधून, भराभर वेचत होते. सासूबाईंनी बाप्याने ओटी बांधलेली बघून कपाळाला हात लावला. मी म्हटलं, भाऊजी, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, "तुमी दोघी वेचून राह्यल्या अन् मी कायले बसून राहू?" मी त्यांना थांबवलं नाही, सासूबाईंनीही नाही, आणि गावातल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही कौतुकच केलं. जन्मभर कापसात राहिलेली आम्ही माणसं, पण त्या घडीला एकाच्याही डोक्यात आलं नाही की बोंडाच्या वाळलेल्या टरफलाची टोकं सुईसारखी असतात. आमची बोटं निबर झालेली. त्यांची कॉलेजातली, नवखी. दुपारी जेवायला बसल्यावर त्यांना भाकर मोडता येईना. दहाही बोटं फाटली होती, नखांच्या कडांतून रक्त.

गोलकीपरची बोटं! सासूबाईंनी हळद लावली, मी चिंध्या बांधल्या. बदली गडी कोणी नव्हता. भाऊजींनी मूठ वळून बघितली, तोंड वाकडं झालं. मग त्यांनी चिंध्या सोडून टाकल्या, कारण चिंध्या दिसल्या तर पलीकडचे लांबून मारा करतील. त्यांनी फक्त किसनला बाजूला घेऊन हात दाखवले. किसनने ते हात धरले, बघितले आणि खिशात घाल म्हणाला. "तुयाजवळ बॉल येनार नाही," एवढंच बोलला.

तो सामना मी धुऱ्यावर उभी राहून बघितला. जिंकण्याची आशा धरणाऱ्यांना ओरडायला जागा असते. राखण्याची आशा धरणाऱ्याला नसते, त्याला नुसता श्वास कोंडून धरावा लागतो. दौलतरावांचा पुतण्या खरंच चांगला होता. पण तो वळेल तिकडे किसन उभा. पाय मागे घेतला की समोर किसनच्या भावाची नडगी. त्या दोघांचा गोरबोलीतला कालवा सगळ्या मैदानावर घुमत होता. बॉल नाल्यात जायचा, भिजून यायचा, परत नाल्यात जायचा. आमच्या पुढच्या गड्यांनी आपल्या लौकिकाला जागून काहीही केलं नाही. बाजू बदलल्या आणि भाऊजी माझ्यासमोरच्या गोलात आले, हात पाठीमागे धरून. लोकांना वाटलं, ऐट करतो आहे.

शेवटी शेवटी किसनचा पाय जमिनीच्या भेगेत अडकला आणि तो पडला. पुतण्या मोकळा सुटला. त्याने जीव खाऊन मारला. भाऊजींनी हात वर केलेच नाहीत. ते येणाऱ्या बॉलला छाती पुढे करून सामोरे गेले, बॉल आदळला, वर उडाला, बांबूला घासला आणि कुंपणावरून माझ्या पऱ्हाटीत येऊन पडला. त्या हिवाळ्यातलं पहिलं झाड मोडलं. मी सवयीने शिवी दिली, आणि डोळ्यांना पदर लावला.

सामना शून्य-शून्य. आमच्याकडे बरोबरी झाली की चिठ्ठी टाकायची रीत होती. चिठ्ठी त्यांची निघाली, विजेत्याची ढाल नदीपलीकडे गेली. आमचं सगळं गाव तोंड पाडून घरी गेलं, जिंकण्यावर लावलेले हात गमावून. एकट्या आमच्या घराचं कोरं निघालं. मी त्या संध्याकाळी किसनच्या तांड्यावर गुळाची भेली घेऊन गेले आणि त्याला सांगितलं की भाऊ, गावात तुझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नसली तरी आमच्या घरात वाजली. तो लाजला. पाय सुजला होता त्याचा.

जावयाने इथे मला मधेच विचारलं, मग आई, तुम्ही पुन्हा लावलंत का? नाही लावलं. आणि तूही लावू नकोस, असं त्याला ठणकावून सांगितलं. ज्या माणसाला तू ओळखत नाहीस, त्याच्या पायावर, न दिसणाऱ्या माणसाशी, फोनवरून लावायचं, आणि हरलास तर तुझ्या बोटाला साधा ओरखडाही येणार नाही. येईल तो घरच्यांना. त्याने मान डोलावली. लेकीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपलीकडचे आले. मला धाकधूक होती की शब्द फिरवतील, बायकांना पाठवतील. पण दौलतराव स्वतः पुढे, मागे भाऊ, मुलं, पुतणे, आणि तो गोल मारणारा गडीही. सगळ्यांच्या कमरेला घरून बांधून दिलेल्या ओट्या. त्यांच्या बायकांनी त्या बांधताना काय हसून घेतलं असेल, ते मला बघायला आवडलं असतं. आमचं निम्मं गाव धुऱ्यावर जमलं. सासूबाई त्या गड्यांच्या मागून फिरत होत्या, बोंडात राहिलेला कापूस दाखवून परत वेचायला लावत होत्या. पाठ ताठ, आवाज खणखणीत. नवरा आजारी, आभाळ डोक्यावर, तरी त्या दिवशी माझ्यासारखी गर्वाची बाई यवतमाळ जिल्ह्यात नसेल. माझ्या सासूबाईंचा मला इतका अभिमान वाटला की मी वेचायचं सोडून त्यांच्याकडेच बघत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते आले. शेवटचं गाठोडं बांधून शेतातल्या टिनाच्या खोपटात टाकलं आणि पाऊस सुरू झाला. सगळे आत दाटीवाटीने उभे राहिलो. बाहेर पऱ्हाटी मोकळी झालेली, हिरवी-तपकिरी, भिजत होती. तिच्यावर पांढरं काही नव्हतं. दौलतराव दारात उभे होते. त्यांनी हाताचे पंजे पावसात धरले, धुतले आणि उलटसुलट करून बघितले. बोटांतून रक्त येतच होतं.

"बाई," ते सासूबाईंना म्हणाले, "हे असं रोजच होते का?"

"रोज," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी जाऊन पाहा."

पुढच्या हिवाळ्यात स्पर्धा झाली, ढाल लागली, दोन्ही गावं मैदानावर लोटली. पण पारावर पैज घ्यायला दौलतराव आले नाहीत, आणि दुसऱ्या कोणाची बायकांचे हात लावायची हिंमत झाली नाही.